खिडकीतला निळा डबा

आमच्या गिरणीला दोन दिवस वीज नसणार हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, कारण वीज कंपनीचा मेसेज इंग्रजीत होता आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणं हे माझं काम. आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर बदलायचा होता. बुधवार आणि गुरुवार, सकाळी सहापासून काम संपेपर्यंत. काम कधी संपेल याबद्दल मेसेजमध्ये काही नव्हतं.

मी तो वडिलांना, म्हणजे अप्पांना, मराठीत सांगितला. ते काळा चष्मा लावून कॉटवर पडले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि महिनाभर पिठाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गिरणी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. मधे एक भिंत. अप्पा भिंतीच्या अलीकडे पडून दिवसभर पलीकडचा आवाज ऐकायचे आणि मी पलीकडे उभी राहून दळण दळायचे.

"दोन दिवस?" ते म्हणाले. "मे महिन्यात?"

"हो."

"लोकांनी खायचं काय?"

हा प्रश्न ते मलाच विचारत होते, जणू ट्रान्सफॉर्मर मी बदलायला सांगितला होता.

मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाईप करायचे. अप्पांच्या ऑपरेशनसाठी महिन्याची रजा मागितली, तेव्हा साहेब "बघू" म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून ती नोकरी गेली हे मला समजलं. घरी मी सांगितलं नाही. विचारलं नव्हतं कुणी.

गिरणी बंद ठेवून दोन दिवस बसायला काय हरकत होती, असं सोलापूरबाहेरच्या माणसाला वाटेल. पण इथे दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी लागते, आणि ज्वारीचं पीठ कुणी महिन्याचं दळून ठेवत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकेपर्यंत हातात तुटते. म्हणून बायका चार-पाच दिवसांपुरतंच दळून नेतात. उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणजे दोन दिवस गिरणी बंद राहिली तर त्या दोन दिवसांचं आणि त्यानंतरच्या एका दिवसाचं दळण सगळं मंगळवारी एकदम येणार, आणि मंगळवारी गिरणीत मी एकटी.

अप्पांनी आधी जनरेटरची चौकशी करायला लावली. मंडपवाल्याला मी फोन केला. फोनवर बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्य कागदावर लिहून घेते. तसं लिहून घेतलं. त्याने पहिल्याच वाक्यानंतर विचारलं, "मोटर कितीची?" दहा एचपी म्हटल्यावर तो हसला. "ताई, माझा जनरेटर लायटी पेटवतो, नवरदेवाचा फोटो निघण्यापुरता. दगड फिरवायचा म्हटलं तर तोच जाग्यावर बसंल." 

मग मी माझ्या पद्धतीने तयारी केली. पुठ्ठ्यावर बोर्ड लिहून दारात लावला. ऑफिसातून कधी तरी आणलेली रंगीत चिकटपट्टीची पानं होती, त्यांच्यावर नंबर लिहिले. वहीत दिवसाची आखणी केली : सकाळी सातपासून चारपर्यंत फक्त ज्वारी, चारनंतर गहू, मधे दर दोन तासांनी वीस मिनिटं मोटर बंद, कारण दगड तापला की पीठ भाजल्यासारखं लागतं आणि बायका तोंडावर सांगतात. वजनकाटा चार्ज करून ठेवला. पट्ट्याला राळ लावली. आखणी छान दिसत होती. शाळेपासून मला आखणी छान जमते.

खिडकीतल्या निळ्या डब्याबद्दल आता सांगते. गिरणीच्या दाराशेजारी एक खिडकी आहे, तिच्या आतल्या कट्ट्यावर मधूनमधून तारेच्या कडीचा एक निळा डबा येऊन बसायचा. ज्यांचा तो डबा, त्या मावशी एका दवाखान्यात आया आहेत. त्या रांगेत थांबत नसत. दारातूनच "जय भीम, मामा" म्हणायच्या, अप्पा मोटरच्या वर आवाज चढवून "जय भीम, ताई" म्हणायचे, आणि डबा खिडकीत ठेवला जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी तो दळला जायचा. मावशींची ड्यूटी लवकर असेल म्हणून अप्पा तो आधी दळतात, असं मला वाटायचं.

कारण वेगळं होतं. मावशींच्या मुलीला गहू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नाही. गव्हाचा अंश पोटात गेला तरी तिचं पोट बिघडतं, दोन-तीन दिवस अंगात काही राहत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दळणसुद्धा वेगळं हवं. हे मला मंगळवारी रात्री जेवताना कळलं. पण इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला हुशार समजणार नाही.

ऑपरेशनला जायच्या दिवशी अप्पांनी रिक्षात चढता चढता मला दोन नियम सांगितले होते. सकाळी मोटर सुरू केली की आधी आपली दोन किलो ज्वारी टाकून दगड धुवायचा, ते पीठ गाईला. आणि खिडकीतला डबा असेल तर तो पहिला. दगड धुणं हा अप्पांचा शब्द. कधी ते म्हणायचे, "दगडाला चूळ भरायला लाव." मी हे दोन वेगळे नियम समजले. दगड धुवायचा तो रात्रभरची धूळ आणि झुरळांसाठी, आणि डबा पहिला तो ड्यूटीसाठी. अप्पांनी का ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच चालतात.

मंगळवारी साडेसहालाच दारात डबे लागले होते. मी आधी दगड धुतला, मग चिकटपट्ट्या लावायला सुरुवात केली. समोरच्या गल्लीतल्या एक आजी पहिल्या होत्या. त्यांना माझी मजा करायला आवडते. मला मॅडम म्हणतात.

"काय गं मॅडम, दवाखान्यावानी नंबर लावतीस व्हय? माझ्या डब्याला काय झालंय? सलाईन लावनार हायस का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. अशा वेळेला लागणारं एक हसू माझ्याकडे आहे.

"तिला बोलायला लावू नका," दुसरी एक म्हणाली. "विंग्रजी शाळेतली हाय. आपल्याशी बोलायचं तर तिला फी पडती."

"फी तिच्या बापानं आपल्या दळनातनंच भरली की!" आजी म्हणाल्या, आणि पुन्हा हसू झालं.

हे खरं होतं. शाळेत एकदा एका मुलीने माझ्या खांद्यावरचं पांढरं झटकून विचारलं होतं, "फळ्याला टेकलीस का?" मी हो म्हटलं होतं. दहा वर्षं मी त्या शाळेत फळ्याला टेकत होते.

दिवस लांबत गेला. दुपारी पत्रा तापला, पंखा गरम हवा फिरवत राहिला, पिठाची पूड घामाला चिकटून हातांवर थर बसला. विणकरांच्या घरातल्या दोघी जणी माझ्यासमोरच तेलुगूत काहीतरी बोलत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि त्या वेळी तेच बरं वाटलं. मोटर थांबली की कानात शांतता शिट्टीसारखी वाजायची. त्या वीस मिनिटांत आई चहा आणून द्यायची. मी तो उभ्यानेच प्यायचे, कारण बसले असते तर उठवलं नसतं.

चार वाजता ज्वारी संपली. वहीप्रमाणे. मी गहू सुरू केला.

मावशी साडेपाचला आल्या. दवाखान्याच्या साडीवरच होत्या. त्या दारातून म्हणाल्या, "जय भीम, पोरी. मामा बरे हायत का?" मी मान हलवली. त्यांनी रांगेतून वाट काढली आणि निळा डबा खिडकीत ठेवला. तेवढ्यात आजींनी त्यांना धरलं. आजी दुसऱ्यांदा आल्या होत्या, सकाळी ज्वारी आणि आता गहू.

"परवा पोरीचं ग्राउंड न्हवं? पोलिसाचं?"

"व्हय. परवा सकाळी. दोन वरसं पळतीय, ह्या वक्ताला निघावं काहीतरी."

"झाली पोलीस की पैली मलाच आत टाकील. लई बोलती मी तिला."

"मग बोलू नका की!" मावशी हसल्या आणि निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "बाई, मी सातला येती डबा न्यायला. व्हईल का? उद्या लाईट न्हाई म्हन."

मी मान हलवली.

नेहमी तो डबा दुसऱ्या दिवशी सकाळी दळला जायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वीज नव्हती. त्या क्षणी मला एवढंच सुचलं की डबा आजच दळायला हवा, मावशी सातला येणार. गव्हाचे सहा डबे बाकी होते. खिडकीतला डबा पहिला, हा नियम मला आठवला, आणि मला बरं वाटलं की मी तो पाळते आहे. गव्हाच्या रांगेतली एक बाई कुरकुरली. तरी मी निळा डबा उचलला आणि वर पत्र्याच्या नरसाळ्यात ओतला. ज्वारी खाली उतरली. पीठ पांढरं, मऊ, चांगलं पडलं.

दीड तास गहू दळलेल्या दगडावर.

सात वाजता मावशी आल्या. डब्याचं झाकण उघडून त्यांनी पिठात हात घातला. ते अजून कोमट होतं.

"आजच झालं व्हय. बरं झालं बाई." मग हात पिठातच ठेवून त्यांनी विचारलं, "दगड धुतलावता न्हवं?"

दगड मी धुतला होता. सकाळी सहा चाळीसला, दोन किलो ज्वारी टाकून. मी मान हलवली.

तिथे एक शब्द हवा होता. सकाळी. तो मी बोलले असते तर मावशी डबा खाली ठेवून निघून गेल्या असत्या, किंवा रागावल्या असत्या, पण पुढचं काही झालं नसतं. मला अजूनही ती वेळ आठवते तेव्हा त्यांचा हात दिसतो, पिठातला, आणि माझी मान हलताना दिसते. मी थकले होते हे खरं आहे. पण थकले नसते तरी मी मानच हलवली असती.

आठ वाजता आम्ही जेवायला बसलो. अप्पा चष्मा लावूनच जेवायचे, आई त्यांच्या ताटात काय कुठे आहे ते सांगायची. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि अप्पा म्हणाले, "चारनंतर गहू धरलास न्हवं?"

"हो."

"मग साडेपाच-पावणेसहाला मधेच ज्वारी कुनाची?"

मी त्यांच्याकडे बघितलं. भिंतीच्या अलीकडे डोळे मिटून पडलेला माणूस. गव्हाचा आवाज जड असतो, घशातून आल्यासारखा, ज्वारीचा मोकळा. मला इतके दिवस गिरणीत राहून तो फरक जेमतेम कळायला लागला होता.

"खिडकीतल्या डब्याची," मी म्हटलं. "मावशी सातला येणार होत्या."

अप्पांचा हात ताटात थांबला. "मधी दगड धुतलास?"

"सकाळी धुतला होता."

"गव्हानंतर?"

आई म्हणाली, "अगं, त्या पोरीला गहू चालत न्हाई." आईलाही माहीत होतं. अप्पांना माहीत होतं. नंतर कळलं की आजींनाही माहीत होतं. त्या गव्हाचा डबा घेऊन रांगेत बसल्या होत्या आणि मी निळा डबा ओतताना शेजारणीशी बोलत होत्या. सगळ्या गल्लीला जे माहीत, ते त्या गिरणीत उभ्या असलेल्या मलाच माहीत नव्हतं.

अप्पा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "मी सांगितलं न्हवतं का?"

"काय करायचं ते सांगितलं होतं."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "फोन लाव."

नंबर कुणाकडेच नव्हता. इतक्या वर्षांत लागलाच नव्हता, डबा यायचा आणि जायचा. घर रेल्वे लाईनच्या पलीकडे, तिसरी गल्ली, दारात गुलमोहराखाली पाण्याची टाकी, असं अप्पांनी सांगितलं. आई म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं, कारण आई आली असती तर आईच बोलली असती.

रस्ता वीस मिनिटांचा. मी अर्धा पळत गेले. जाताना वाक्य तयार करत होते, फोनच्या आधी करते तसं, पण हातात कागद नव्हता. डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत आलं. फार सभ्य होतं. त्यात चूक आपोआप झालेली होती, कुणी केलेली नव्हती. ते मी टाकून दिलं. मराठीत सुरुवात करायची तर "मी" असा शब्द पहिला येत होता आणि त्याच्यापुढे गाडी जात नव्हती.

घर सापडलं. दार उघडं होतं, गरमीमुळे सगळ्याच गल्लीत दारं उघडी होती. आत मावशी चुलीशी नव्हे, गॅसपाशी बसून भाकरी थापत होत्या. भिंतीला टेकून त्यांची मुलगी जेवत होती. मी तिला ओळखत होते. सकाळी दूध आणायला जाताना मैदानावर पळताना बघितलं होतं, केस करकचून बांधलेले, हातात उड्या मारायची दोरी. आमची कधी ओळख झाली नव्हती. तिच्या ताटात अर्धी भाकरी होती. म्हणजे अर्धी पोटात होती.

"कोन गं? गिरणीतली का तू?" मावशी म्हणाल्या. "काय झालं? मामा बरे हायत न्हवं?"

मान हलवायची सवय इतकी असते की ती हललीच. मग मी म्हटलं, "खाऊ नको."

माझा आवाज गिरणीत बोलल्यासारखा मोठा आला. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं.

"मी गव्हानंतर दळलं. दगड धुतला नाही मधे. मला माहीत नव्हतं, ते का... मी सकाळी धुतला होता. फक्त सकाळी."

मुलीने ताट खाली ठेवलं. हळू ठेवलं, आवाज होऊ न देता. ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती.

मावशींच्या हातातली भाकरी तशीच परातीत राहिली. "मी इचारलं न्हवतं तुला? तोंडावर इचारलं. मुंडी हलवलीस की तू!"

"हो."

"मग हलवलीस कशाला? न्हाई म्हनायला काय झालंतं? तोंड न्हाई का तुला?"

"आई, असू दे," मुलगी म्हणाली.

"काय असू दे? परवा ग्राउंड हाय तुझं! दोन वरसं मी हिच्या पोटाला जपते, आनि ह्यांनी एका संध्याकाळी..." त्यांनी गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास खोलीत भरला होता.

मी दारातच उभी होते. आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि जा असंही नाही. मुलगी उठली, तोंड धुवून आली आणि म्हणाली, "अर्धीच खाल्लीय. कदाचित काही होणार नाही." तिने हे मला सांगितलं की आईला, कळलं नाही. मग तिने भाताचा कुकर लावला. दोन दिवस भात खाईन, म्हणाली. तिला हे सगळं पाठ होतं, काय करायचं ते. तिच्या हालचालींत एक थकवा होता आणि तो मला ओळखीचा वाटला, पण तसं वाटून घ्यायचा मला हक्क नव्हता.

निघताना मावशींनी निळा डबा माझ्यापुढे सरकवला. "ने हे."

डबा जड होता. परत येताना मी चालतच आले.

बुधवारी सकाळी सहाला वीज गेली. मेसेजमधली वेळ अगदी पाळली. पंखा थांबला आणि घरात प्रत्येकाचा श्वास ऐकू यायला लागला. आमची सगळी तयारी पुरली होती, लोकांच्या घरी पीठ होतं, दारात कुणी आलं नाही. बोर्ड मात्र वाऱ्याने सारखा पडत होता. तो उचलून लावणं एवढंच दोन दिवसांतलं गिरणीचं काम.

निळा डबा मी घासला, उन्हात वाळवला, पुन्हा घासला. पीठ गाईला घातलं. अप्पांनी आमच्या घरच्या ज्वारीचं पोतं सोडायला लावलं आणि परात मांडीवर घेतली. म्हणाले, निवडू. मी म्हटलं, तुम्हाला दिसत नाही. ते म्हणाले, "दिसायला कशाला लागतं?" चष्म्याआड डोळे मिटून ते मुठीमुठीने ज्वारी बोटांखालून सोडत राहिले. ज्वारीचा दाणा गोल. गव्हाला लांबी असते, पोटाला चीर असते. सकाळच्या दोन तासांत त्यांनी तीन गव्हाचे दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी डोळे उघडे ठेवून समोर बसले होते आणि त्यातला एकही मला दिसला नव्हता.

मधेच ते म्हणाले, "मी कारन सांगायला पायजे होतं." 

मी म्हटलं, "मी विचारायला पाहिजे होतं."

यापुढे आम्ही त्यावर बोललो नाही. नोकरीचं मात्र मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. साहेब "बघू" म्हणाले ते. अप्पा म्हणाले, "मला वाटलंच होतं," आणि ज्वारी सोडत राहिले.

बुधवारी दुपारी आजी बातमी घेऊन आल्या. पोरीचं पोट सकाळपासून दुखतंय, दोनदा ओकली, आता पडून आहे. त्यांनी या वेळी मला मॅडम म्हटलं नाही. ओट्यावर बसून पदराने वारा घेत म्हणाल्या, "माझ्याबी ध्यानात आलं न्हाई बघ. बोलतच बसले." नेहमी त्यांची टिंगल टाळण्यासाठी मी आत निघून जायचे. त्या दिवशी त्यांनी काहीतरी टिंगल करावी असं मला वाटत होतं.

गुरुवारी सकाळी ग्राउंड होतं. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? बंद गिरणीत, दगडाशेजारच्या स्टुलावर बसून राहिले. वीज नसलेली गिरणी मी लहानपणापासून कितीदा पाहिली असेन, पण तिच्यात बसले नव्हते. पिठाचा वास असतो, आणि तेलाचा. वरच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक काठी दगडाच्या झाकणावर पडते आणि हळूहळू सरकत जाते. ती खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पोहोचली तेव्हा मावशींच्या मुलीची धाव झाली असणार, असा मी अंदाज केला. कशी झाली असेल याचा अंदाज करायचं टाळलं.

वीज शुक्रवारी पहाटे आली. 

साडेसहाला दार उघडलं तर मावशी पायरीवर बसलेल्या होत्या. "जय भीम" त्या म्हणाल्या नाहीत. मीच म्हटलं. मी ते कधी आधी म्हटलं नव्हतं. ते अप्पांचं बोलणं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाल्या, "जय भीम."

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"पळाली. आठशे मीटर सगळं पळाली. शेवटच्या फेरीला दम गेला म्हनली. रोज पळती तेवढं न्हाई आलं, मार्क कमी पडले." मग म्हणाल्या, "लेखीला बसता येईल म्हनत्यात. तेवढं हाय."

कमी पडलेले मार्क त्या अर्ध्या भाकरीचे होते की उन्हाचे की रात्रभराच्या काळजीचे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. हे न विचारणं पहिल्या न विचारण्यासारखं नव्हतं, असं मी स्वतःला सांगते.

अप्पांनी निवडलेल्या ज्वारीने भरलेला निळा डबा मी आणला. सवयीने खिडकीकडे वळले तर त्यांनी हात पुढे केला आणि डबा घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला. गिरणीच्या आत येऊन स्टुलावर बसल्या. तोवर रांगेत तीन-चार जणी जमल्या होत्या, आजीही होत्या.

"धू दगड," मावशी म्हणाल्या. "माज्यासमोर."

मी झाकण काढून कुंचल्याने दगड झाडला. पीठ पडायची कापडी बाही उलटी करून झटकली. पलीकडून भिंतीवर टकटक झाली, अप्पांची; त्यांना मोटर सुरू व्हायला हवी होती. मी मोटर सुरू केली, आमची ज्वारी ओतली, दोन किलो, मग अंदाजाने आणखी दोन. पीठ पाटीत पडत राहिलं. मोटरचा आवाज होता तरी रांग बघत होती हे मला पाठीवर कळत होतं. लोक बघत असताना काम करणं मला आयुष्यात सगळ्यांत जड जातं. मी ते केलं.

पाटी बाजूला ओढून मी मावशींकडे वळले आणि डब्यासाठी हात पुढे केला. त्यांनी डबा दिला नाही.

"झाला का धुवून?"

माझी मान हलायला लागली.

"मुंडी नको हलवू," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांग. काय काय केलंस?"

मोटरच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी ओरडून सांगितलं. काल गहू दळलेला नाही, परवाही नाही. मंगळवारनंतर दगडावर काही पडलेलं नाही. आत्ता झाडला, बाही झटकली, चार किलो ज्वारी घातली, ते पीठ गाईचं. ज्वारी घरची आहे, अप्पांनी हाताने निवडलीय, गव्हाचे तीन दाणे निघाले, काढून टाकले. आता यानंतर पहिला डबा तुमचा. एवढं सलग मी त्या गिरणीत कधी बोलले नव्हते. रांगेतल्या कुणी हसलं नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग डबा माझ्या हातात दिला.

तेव्हापासून त्या डबा खिडकीत ठेवत नाहीत. येतात, मांडीवर घेऊन बसतात, आणि दर वेळेला तोच प्रश्न विचारतात. मी दर वेळेला तेच सगळं पहिल्यापासून ओरडून सांगते. अप्पांचा डोळा आता बरा आहे, ते गिरणीत येऊन बसतात, पण निळा डबा आला की ते बाहेर ओट्यावर जातात. तो माझा आहे, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.